तलंगांना लेअर खाद्य आत्ताच चालू करायचं का, आणि निम्मा मका मिसळला तर चालेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की अंड्याच्या जातीच्या ११ आठवड्यांच्या शंभरेक तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) तुम्ही आणल्यात, ग्रोअरच्या (वाढीच्या वयातल्या खाद्याच्या) गोण्या संपत आल्यात, तर आता थेट लेअरचंच (अंड्यावरच्या कोंबड्यांचं) खाद्य चालू केलं तर अंडी लवकर येतील का, आणि खर्च आटोक्यात ठेवायला त्यात निम्मा मका भरडून टाकला तर काही बिघडतं का. दोन्हीचं उत्तर नाही असंच आहे, पण नुसतं नाही म्हणून सोडलं तर उद्या दुसरं कुणीतरी सांगेल की आमच्याकडे तर चालतं, आणि तुम्ही परत तिथेच याल. म्हणून का नाही ते नीट सांगतो, जरा लांबेल. मी बरीच वर्षं पिल्लांपासून तलंगा तयार करून अंड्यावर आणायचंच काम करतो, त्यामुळे जे लिहितोय ते रोजच्या कामातलं आहे.

मुळात कुठली गोणी घ्यायची हा खरा प्रश्न नाहीये. तलंग ज्या दिवशी पहिलं अंडं देईल त्या दिवशी तिचं वजन किती, हाडं किती भरलेली, आणि दिवसाला ती पोटात किती खाद्य घेऊ शकते, हे तीन बघायचे. पुढचं वर्षभर अंडी किती, केवढी आणि कोंबडी टिकणार का हे यावरच ठरतं, आणि हे तिन्ही १८ आठवड्यांच्या आतच घडतं, नंतर कितीही चांगलं खाद्य घातलं तरी ते भरून निघत नाही. आता नेमके आकडे मात्र तुमची जात कुठली (पांढऱ्या अंड्याची हलकी का तपकिरी अंड्याची जरा जड), पक्षी गादीवर (जमिनीवर पसरलेल्या भुश्यावर) आहेत का पिंजऱ्यात, हवा किती गरम आहे, आणि तुमच्याकडे यायच्या आधी त्यांनी काय खाल्लंय यावर हलतात. जिथून आणल्या त्यांच्याकडून आठवड्याच्या वजनांची नोंद आणि चालू खाद्याचं नाव मागून घ्या, आणि त्या जातीचा वजनाचा तक्ता मिळवा. मी खाली देतोय ते आकडे ढोबळ आहेत, तक्ता हातात असेल तर तोच धरायचा.

आधी लेअर खाद्याचं बघू. ग्रोअरमध्ये कॅल्शियम असतं १ टक्क्याच्या आसपास, लेअरमध्ये साडेतीन ते ४ टक्के. तुमची तलंग आत्ता दिवसाला ६० ग्रॅमच्या आसपास खात असेल. ग्रोअरवर तिच्या पोटात ०.६ ग्रॅम कॅल्शियम जातं, तेच ४ टक्क्यांच्या लेअरवर गेलं की २.४ ग्रॅम. एका अंड्याच्या कवचात सगळं मिळून २ ग्रॅमच्या जरा वर कॅल्शियम असतं. म्हणजे जिला अजून दीड महिना तरी एकही कवच तयार करायचं नाहीये तिच्या पोटात तुम्ही रोज एका कवचाहून जास्त कॅल्शियम घालणार. ते जाणार कुठे? बाहेर टाकायचं काम किडनीवर येतं, आणि कोवळ्या पक्ष्याच्या किडनीला ते झेपत नाही. असा मेलेला पक्षी उघडला की एकदा बघून विसरत नाही माणूस, हृदयावर आणि लिव्हरवर खडूची पूड भुरभुरल्यासारखा पांढरा थर, किडनीचा काही भाग सुकून गेलेला आणि उरलेला फुगलेला, आणि किडनीतून खाली येणाऱ्या नळीत पांढरे खडे अडकलेले. यालाच गाऊट म्हणतात. त्यात ब्राँकायटिस हा श्वासाचा साथीचा रोग येऊन गेलेला असेल तर किडनी आधीच कमजोर, मग मर आणखी वाढते.

मग काही लोकांकडे चालतं कसं? चालतं असं वाटतं, कारण सगळ्या पक्ष्यांना एकदम काही होत नाही आणि लगेच तर बहुतेकदा काहीच दिसत नाही. एक किडनी गेली तरी दुसरीवर पक्षी निभावून नेतो. फार तर पाणी जास्त पितात, विष्ठा पातळ होते, गादी ओली राहते, शेडमध्ये डोळ्यांना झोंबणारा अमोनियाचा वास येतो, आणि माणूस समजतो की हवेमुळे झालं असेल. पुढे उत्पादन ऐन भरात असताना रोज एखाददुसरी चांगली धडधाकट दिसणारी कोंबडी सकाळी मेलेली सापडते, तेव्हा ११व्या आठवड्यात काय खायला घातलं होतं ते कुणाच्या डोक्यातही येत नाही.

आणि एवढं करून अंडी लवकर येतात का तर तेही नाही. अंड्यावर यायचं ठरतं वय, वजन आणि उजेडाचे तास यांवर, कॅल्शियमवर नाही. शिवाय लवकर अंडी येणं हे चांगलं असतं हा समजच मुळात काढून टाका. कमी वजनाची तलंग अंड्यावर आली की अंडी बारीक, आणि ती बरेच महिने बारीकच राहतात, अंड्याच्या मानाने शरीर लहान म्हणून अंडं घालताना मागचं अंग बाहेर येतं, ते लाल दिसलं की बाकीच्या चोची मारतात, आणि तुम्ही पक्षी गमावता.

आता मका. मक्यात प्रोटीन ९ टक्क्यांच्या आत-बाहेर. तुमच्या ग्रोअरमध्ये समजा १६ टक्के आहे, निम्मं निम्मं केलं की झालं साडेबारा. लोक इथवरच हिशोब करतात आणि म्हणतात काय, साडेतीन टक्केच तर कमी झालं. पण मक्यात कॅल्शियम जवळजवळ नाहीच, त्यामुळे ते १ वरून अर्ध्या टक्क्यावर आलं, गोणीत जेवढी व्हिटॅमिनं आणि मिनरल मोजून टाकलेली होती ती निम्मी झाली, लायसिन आणि मेथिओनिन हे प्रोटीनमधले घटक जे पिसं आणि मांस धरायला लागतात ते त्याहून वाईट, कारण मक्याच्या प्रोटीनमध्ये लायसिन मुळातच कमी. वरून अजून एक गंमत आहे. मक्यात ऊर्जा जास्त, आणि कोंबडी साधारणपणे ऊर्जेची भूक भागली की खायचं थांबवते, म्हणजे ती खाद्यच कमी खाणार, आणि त्या कमी खाद्यात प्रोटीन आधीच कमी केलेलं. मग पक्षी दिसायला गुबगुबीत, हातात घेतला तर पोटाशी चरबी आणि छाती पोकळ. वाचवलेला पैसा असा जातो.

म्हणजे मका अजिबात नको असं नाही म्हणत मी. १२ आठवड्यांनंतर प्रोटीनची गरज तशीही कमी होते, १४-१५ टक्के पुरतं, आणि वजनं तक्त्याच्या बरोबरीने चालली असतील तर खाद्याच्या दहाव्या भागापर्यंत दाणा संध्याकाळी टाकायला माझी हरकत नसते. अख्खा दाणा टाकणार असाल तर बारीक टणक खडे वेगळ्या भांड्यात ठेवा, कोंबडीला दात नाहीत, गिझार्डमध्ये, म्हणजे पोटाच्या दळणाऱ्या भागात, दळायला तेच लागतात. हे खडे म्हणजे शिंपल्याचा चुरा नव्हे बरं का, शिंपला पोटात विरघळतो आणि ते परत कॅल्शियमच झालं. खरंच स्वतःचं खाद्य बनवायचं असेल तर मका, सोयाबीनची पेंड, डीसीपी (कॅल्शियम-फॉस्फरसची पूड), चुनखडी, मीठ आणि प्रिमिक्स (व्हिटॅमिन-मिनरलचं मिश्रण) असा पूर्ण फॉर्म्युला कुणा जाणकाराकडून लिहून घ्या, तो वेगळा विषय आहे, पण तयार गोणीत अंदाजाने मका ओतणं हा त्याचा पर्याय नाही.

मग करायचं काय, तर सगळ्यात आधी काटा आणा. खाद्य वयावर नाही बदलायचं, वजनावर बदलायचं. दर आठवड्याला, शक्यतो एकाच वारी आणि एकाच वेळी, सकाळी खाद्य टाकायच्या आधी म्हणजे गळ्याची पिशवी रिकामी असताना, निदान ४०-५० पक्षी एकेक करून तोला. चार-पाच पक्षी एका क्रेटमध्ये घालून भागाकार करू नका, त्याने सरासरी कळते पण मागे पडलेल्या दिसत नाहीत, आणि आपल्याला बघायच्यात त्या मागे पडलेल्याच. निवडून पकडू नका, एका कोपऱ्यात जाळी लावून जेवढ्या आत आल्या तेवढ्या सगळ्या तोलायच्या, नाहीतर हाताला हळू पळणाऱ्याच लागतात. सरासरी काढली की तिच्या १० टक्के खाली आणि १० टक्के वर या पट्ट्यात किती आल्या ते मोजा. समजा ५० तोलल्या आणि सरासरी १ किलो आली, तर ९०० ते ११०० ग्रॅममध्ये निदान ४० हव्यात, म्हणजे ८० टक्के एकसारखेपणा. ११ आठवड्यांना तपकिरी अंड्याची तलंग १ किलोच्या आसपास हवी, पांढऱ्या अंड्याची साडेआठशे-नऊशे. तोलताना छातीच्या हाडावरून बोट फिरवायची सवय लावा, हाड धारेसारखं हाताला लागलं तर पक्षी अंगाने कमी आहे, दोन्ही बाजूंनी मांस वर आलेलं असेल तर ठीक. एवढ्या बोटावरून जे कळतं ते नुसतं जाळीबाहेरून बघून कळत नाही, कारण पिसं फुगवून सगळ्याच भरलेल्या दिसतात.

तुमच्याकडे आत्ता वेळ कमी आहे हे मात्र लक्षात घ्या. तलंगेचा सांगाडा १२-१३ आठवड्यांपर्यंत जवळपास पूर्ण झालेला असतो, त्यानंतर वजन वाढतं पण चौकट फारशी वाढत नाही. म्हणून वजनं तक्त्याच्या मागे असतील तर जे काय करायचं ते या दोन आठवड्यांत. माझी पद्धत अशी की मागे पडलेल्या वेगळ्या काढायच्या, त्यांना भांडी जास्त लावायची, खाद्य दोनऐवजी तीन-चार वेळा हलवायचं, आणि ग्रोअरऐवजी परत १८-२० टक्के प्रोटीनचं पिल्लांचं खाद्य द्यायचं वजन जागेवर येईपर्यंत. त्यात कॅल्शियम १ टक्काच असतं त्यामुळे किडनीची भीती नाही. पण त्याआधी कारण शोधा, कारण पुष्कळदा खाद्यात काही कमी नसतंच, भांड्यापाशी जागा कमी असते आणि दांडग्या पक्ष्यांचं झाल्यावर उरलेल्यांना तळाची भुकटी मिळते, नाहीतर जंत असतात, नाहीतर पाण्याचे निपल (चोच लावली की थेंब देणाऱ्या तोट्या) अर्धे बंद. विष्ठेत रक्त दिसलं तर खाद्याशी खेळत बसू नका, तो कॉक्सिडिया या आतड्यातल्या परजीवीचा प्रकार असू शकतो, डॉक्टरला दाखवा.

वजनं बरोबर असतील तर काहीच अवघड नाही. ग्रोअर चालू ठेवा, १५-१६ टक्के प्रोटीनचं. १२-१३ आठवड्यांनंतर डेव्हलपर म्हणून जे १४-१५ टक्क्यांचं येतं ते मिळालं तर द्या, नाही मिळालं तर ग्रोअरवरच राहा, एवढ्याशा फरकाने काही अडत नाही. कुठलंही खाद्य बदलताना एकदम नको, चार-पाच दिवसांत थोडं थोडं मिसळत बदलायचं, एकदम बदललं की दोन दिवस चोच लावत नाहीत.

या काळात खाद्य काय याच्याइतकंच खायची सवय कशी लागते हे बघायचं, आणि याकडे कुणी लक्ष देत नाही. १७ आठवड्यांची तलंग ७५-८० ग्रॅम खाते, आणि उत्पादन भरात आलं की तिला १०५-११० लागणार, ही उडी काही आठवड्यांत मारायची असते. जिची भूक आणि पोट आधीच वाढलेलं नाही ती अंडी देते पण खात नाही, मग अंगातलं काढून देते, आणि उत्पादन चढल्यावर अचानक खाली येतं. म्हणून मी या वयात दिवसातून एकदा भांडी पूर्ण रिकामी होऊ देतो, दुपारी तास-दीड तास. मॅश (भरडलेलं, पुडीसारखं खाद्य) असेल तर कोंबडी आधी मोठे कण वेचते आणि भुकटी ठेवते, आणि व्हिटॅमिनं-मिनरल असतात त्या भुकटीतच. तुम्ही रोज जुन्यावर नवं ओतत राहिलात तर ती भुकटी तळाला घट्ट बसून राहते, बुरशी धरते, आणि पक्ष्यांच्या पोटात कधी जातच नाही. भांडं तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त भरू नका, काठ पक्ष्याच्या पाठीच्या उंचीला ठेवा, सांडणं निम्म्याने कमी झालेलं तुमचं तुम्हालाच दिसेल. खर्च वाचवायचाच असेल तर तो मक्यात नाही, इथे वाचतो.

पाणी खाद्याच्या साधारण दुप्पट लागतं, उन्हात त्याहूनही जास्त, आणि पाणी कमी पडलं की खाद्य आपोआप कमी होतं हे वेगळं सांगायला नको. उन्हाच्या दिवसांत खाद्य पहाटे आणि संध्याकाळी द्या, दुपारी खाणार नाहीत.

आता कॅल्शियम वाढवायचं कधी, कारण उशीर करणं हेही तितकंच वाईट. पहिल्या अंड्याच्या आधी दहा-बारा दिवस तलंगेच्या लांब हाडांच्या पोकळीत एक वेगळं हाड तयार होतं, कवचाला लागणाऱ्या कॅल्शियमचा साठा असतो तो. कवच बनतं मुख्यतः रात्री, पोटात खाद्य नसताना, तेव्हा या साठ्यातून उचल होते. साठा भरायच्या दिवसांत तिला १ टक्क्यावर ठेवलं तर पहिली काही अंडी ठीक येतात, मग ती स्वतःच्या पक्क्या हाडातून काढायला लागते, आणि एक दिवस पायावर उभीच राहत नाही. म्हणून मधला टप्पा, प्री-लेअर, २ ते अडीच टक्के कॅल्शियमचा. साधारण १६व्या-१७व्या आठवड्यात, पण इथेही तारखेपेक्षा पक्षी बघा, तुरा आणि चोचीखालची लोंबती कातडी मोठी होऊन लाल व्हायला लागते, पाठीवर हात ठेवला की तलंग पंख जरा पसरून खाली बसते, आणि शेपटीखालची दोन टोकदार हाडं जी आधी एकमेकांना चिकटलेली असतात त्यांच्यात बोट जायला लागतं. प्री-लेअरची गोणी शंभर पक्ष्यांसाठी मिळाली नाही तर अडून बसू नका, ग्रोअर आणि लेअर निम्मं निम्मं मिसळा, १ आणि ४ ची सरासरी अडीचच येते. हे दहा दिवस ते दोन आठवडे, त्याहून जास्त नको. कळपात अंडी दिसायला लागली की पूर्ण लेअरवर जा, सगळ्या अंड्यावर यायची वाट बघत बसू नका. लेअरवर गेल्यावर संध्याकाळी शिंपल्याचे जाड कण, २ ते ४ मिलिमीटरचे, वेगळे ठेवले तर चांगलं, ते पोटात रात्रभर हळूहळू विरघळतात आणि कवच बनायची वेळ तीच असते.

तुमच्याकडे आधीच्या अंड्यावरच्या कोंबड्या याच शेडमध्ये असतील, तर आधी सांगतो की वेगळ्या ठेवा, रोगाच्या दृष्टीनेही. ते अगदीच शक्य नसेल तर सगळ्यांना ग्रोअर आणि शिंपल्याचं भांडं वेगळं, जिला गरज आहे ती जाऊन खाते, बाकीच्या फारशा फिरकत नाहीत. उत्पादन थोडं कमी येईल पण तलंगा वाचतील. उलटं, म्हणजे सगळ्यांना लेअर, करू नका.

उजेडाचं खाद्याशी काय असं वाटेल, पण याच्याशिवाय वरचं सगळं वाया जातं. वाढीच्या वयात उजेडाचे तास वाढवायचे नाहीत. रात्रभर बल्ब चालू ठेवायची सवय असेल, मांजर-घुशीच्या भीतीने बरेच जण ठेवतात, तर बंद करा आणि जाळी पक्की करा. लांबलेला उजेड तलंगेला सांगतो की अंड्यावर ये, आणि मग वजन असो नसो ती येते. वजन तक्त्यातल्या आकड्याला पोचलं, म्हणजे १७-१८ आठवड्यांना पांढरी साधारण सव्वा किलो आणि तपकिरी दीडच्या आसपास, की मग आठवड्याला अर्धा-एक तास वाढवत १६ तासांपर्यंत न्यायचं. वजन मागे असेल तर उजेड थांबवा, एक-दोन आठवडे अंडी उशिरा आली तर काही नुकसान नाही.

गोणी घेताना लेबल वाचा, प्रोटीन आणि कॅल्शियम दोन्ही छापलेलं असतं. कॉक्सिडियावरचं औषध मिसळलेलं आहे का तेही बघा, ग्रोअरमध्ये बऱ्याचदा असतं, आणि अंडी चालू व्हायच्या आधी ते कधी बंद करायचं हे त्या औषधावर अवलंबून आहे, डॉक्टरला विचारून ठेवा. महिन्याभरात संपेल एवढंच खाद्य आणा, गोण्या भिंतीला टेकवून किंवा जमिनीवर नकोत, खाली फळ्या टाका. बुरशी लागलेलं किंवा गाठी झालेलं खाद्य उन्हात वाळवून घालायचा मोह होतो, पण वाळवल्याने फार तर बुरशी वाढायची थांबते, तिने आधीच सोडलेलं विष तसंच राहतं, ते खाद्य टाकूनच द्यायचं.

आता तुम्ही या आठवड्यात ग्रोअरचीच गोणी आणा आणि ५० पक्षी तोला. सरासरी, सगळ्यात हलकी, सगळ्यात जड, ९० ते ११० टक्क्यांच्या पट्ट्यात किती आल्या, आणि दिवसाला एकूण किती किलो खाद्य जातं, एवढं जातीच्या नावासकट कळवा, मग दाणा घालायला जागा आहे का आणि किती, ते तुमच्या पक्ष्यांपुरतं नेमकं सांगता येईल.